सीटवर कोण बसलं होतं

ती घटना आठवली नाही असा एकही महिना निवृत्तीनंतर गेलेला नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एटापल्लीच्या जंगलात दोन वर्षं गस्त घातली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हा तपास मात्र दिवसवार आठवतो. यात मी कोणाकडून काही घेतलं नाही, कोणाला खोटं अडकवावं असं मनात आणलं नाही, कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही. तरीही एखादा तपास पहिल्यापासून पुन्हा करू देतो असं कोणी म्हणालं, तर मी हाच मागेन. नावं कोणाचीच देणार नाही. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलपट्ट्यात एका लहान ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्द मोठी, माणसं मोजकी. सकाळी आठला हजेरी, मग स्टेशन डायरी, मग दिवसभर रानडुकरांनी धान खाल्लं, वाघानं गोऱ्हा नेला, शेजाऱ्यानं मोहाची दारू गाळली, अशा तक्रारी. मी घाटावरचा माणूस. इथं येऊन सहा महिने झाले होते. बोली कानाला कळायला लागली होती आणि बोली कळली म्हणजे माणसं कळली असा माझा समज झाला होता.

धानाची कापणी नुकतीच उरकली होती. दुपारी बाराच्या सुमारास एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला, मामा तलावाच्या पाळीवरून उतरताना गाडी झाडावर गेली, माणूस जागेवरच गेला. जमादार आणि ड्रायव्हरला घेऊन निघालो. मामा तलाव म्हणजे जुना मालगुजारी तलाव. त्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता एकदम खाली उतरतो आणि उताराच्या शेवटी वळतो. गाडी वळली नव्हती. जुनी, तिसऱ्या-चौथ्या हाताची छोटी कार समोरच्या ऐनाच्या झाडात घुसली होती. मागच्या भागात मासळीचे डबे होते, ते फुटून मासे आणि बर्फ रस्ताभर पसरला होता. एवढी माणसं जमली होती, पण एकानंही एक मासा उचलला नव्हता. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती, म्हणजे ब्रेक लागलाच नव्हता.

मेलेला तिशीतला. घर मासेमारीचं. तलावातली मासळी हा धाकटा गाडीत घालून चंद्रपूरच्या बाजारात नेत असे. थोरला भाऊ चाळिशीचा, तलावाचं काम बघणारा. घरी म्हातारी आई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थोरल्याची बायको पूर्वीच वारलेली. धाकट्याची बायको आणि तिची लहान मुलगी. एवढंच कुटुंब. मी पंचनामा केला, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. थोरला भाऊ प्रेतामागे ट्रॅक्टरवर बसून गेला. रडला नाही, बोलला नाही. हे मी मनात टिपून ठेवलं. न रडणारा माणूस पोलिसाला नेहमी खटकतो, आणि त्यात पोलीस निम्म्या वेळा चुकतो.

संध्याकाळी पाचला त्याच गावचा एक माणूस ठाण्यात आला. आधी पाणी प्यायला, मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"साहेब, हा अपघात नाई होय. आज सकाळी मोठ्यानं आंगणात गाडीचं बॉनेट उघडून ब्रेकचं तेल काढलं. मी रस्त्यानं जाता जाता माह्या डोयानं पायलं. बाटलीभर काढलं."

"कशावरून मुद्दाम?"

"आठ दिवसामागं पानठेल्यावर दोघायची जुंपली होती. धाकटा म्हणे, मी तलाव सोडतो, चंद्रपूरले राहाले जातो. मोठा साऱ्या लोकायसमोर म्हणाला, जा, पण हे गाडीच तुले खाईन. इचारा कोणालेही."

मी विचारलं. पानठेलेवाल्यानं सांगितलं, भांडण झालं होतं, शब्दही तेच होते. आणखी दोघांनी दुजोरा दिला. थोरला तरुणपणी भद्रावतीला एका गॅरेजात कामाला होता हेही कळलं. ज्याला गाडी दुरुस्त करता येते त्याला बिघडवताही येते, असं मी जमादाराला म्हणालो आणि माझ्याच वाक्यावर खूश झालो. खबर देणाऱ्याचा त्यात स्वतःचा काय स्वार्थ आहे हे आधी बघावं, हे मी भरतीच्या नव्या पोरांना दर वेळी शिकवत असे. त्या संध्याकाळी स्वतः मात्र बघितलं नाही. या खबऱ्यानं बंदीच्या दिवसांत तलावात चोरून जाळं टाकलं होतं आणि थोरल्यानं ते कापून पाळीवर टांगलं होतं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. मातीत तेलाचा डाग होता. कुडाला टेकून एक बाटली ठेवलेली, तिच्यात काळपट तेल. शेजारी पाना. सगळं पंचांसमक्ष जप्त केलं. थोरला ओट्यावर बसला होता.

"काल सकाळी गाडीचं काय केलंस?"

"ब्रेक खाली जाऊन राह्यला होता साहेब. मास्टर सिलिंडर गेलं होतं. नवीन आणलं, बसवलं, हवा काढली."

"हवा काढलीस की तेल काढलंस?"

"हवा काढाची असन तं तेल काढाच लागते साहेब."

मला तो उद्धटपणा वाटला. तो निव्वळ खरं बोलत होता. पण ब्रेकमधलं मला तेव्हा काय कळत होतं? आयुष्यभर सरकारी जीपमध्ये डाव्या बाजूला बसलेला माणूस मी.

"कोण होतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नाई. एकटाच होतो."

संपूर्ण तपासात तो माझ्याशी दोनदा खोटं बोलला. हे पहिलं. मी पुन्हा विचारलं नाही, कारण एकटा असणं माझ्या सोयीचं होतं. आरोपी एकटा, हत्यार जप्त, भांडणाला तीन साक्षीदार. सुतावरून स्वर्ग गाठायला मला इतकंही पुरलं.

मी त्याला चल म्हणालो. तो उठला, पायात चपला घातल्या, आणि मग हात जोडून म्हणाला, "साहेब, दुपारी त्याले आणते दवाखान्यातून. आग मलेच द्या लागते. त्याले पोरगा नाई, आमाले बाप नाई. तेवढं झालं की मी स्वतः चालत येतो."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. तो त्याच भागातला. हळूच म्हणाला, "साहेब, बेडी घालून नेऊ, दोन शिपाई देऊ. करता येते."

करता येत होतं. पण अंगणाबाहेर पन्नास माणसं उभी होती, खबऱ्यानं गावात आधीच ओरड केलेली होती, आणि ठाण्यात त्या दिवशी माझ्यासकट नऊजण हजर होते. स्मशानात दगड पडला तर वरिष्ठांना उत्तर मी द्यायचं. शिवाय ज्यानं मारलं त्यानंच अग्नी द्यायचा हे मला ढोंग वाटलं. मी म्हणालो, "आता त्याला अग्नी द्यायची तुला आठवण आली?" हे वाक्य मी त्याच्या आईसमोर बोललो. तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

दुपारी अंत्यविधी झाला. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. अग्नी एका चुलतभावानं दिला.

तिसऱ्या दिवशी धाकट्याची बायको ठाण्यात आली. बरोबर तिचे वडील. पदर नाकापर्यंत ओढलेला. बाहेरच्या बाकावर ती बसली आणि वडील माझ्या टेबलासमोर. मी तिचा जबाब घ्यायला सांगितलं. रायटरनं कागद लावला.

"तिले काय इचारता साहेब," वडील म्हणाले. "तिचं डोसकं ठिकाणावर नाई. मी सांगतो, लिहून घ्या."

आणि आम्ही लिहून घेतलं. माझे पती व माझे भासरे यांच्यात घर वेगळे करण्यावरून वाद होता, वगैरे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. रायटरनं कागद बाहेर नेला, तिनं वाचला आणि खाली सही केली. वळणदार सही. दहावी पास होती. सही करून झाल्यावरही ती उठली नाही. मी खिडकीतून पाहत होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मी रायटरला म्हणालो, "बाईंना घरी न्यायला सांगा, उगाच उन्हात बसल्यात." मी दयाळूपणे बोललो होतो.

थोरला कोठडीत शांत होता. दिलं ते खात होता, विचारलं की तेच सांगत होता. चौथ्या दिवशी मी नेहमीची युक्ती केली. दुसऱ्यानं काय सांगितलं ते अर्धंच सांगायचं आणि समोरच्याला घाबरू द्यायचं.

"तुझ्या भावसुनेनं जबाब दिलाय," मी म्हणालो.

त्यानं झटकन मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"ते बोलली? काय बोलली?"

"तुमच्यात वाद होता म्हणाली."

"अजून?"

"अजून काय बोलायला पाहिजे होती?"

त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, "मंग झालं. लिहा साहेब. मीच केलं. ब्रेक मीच बिघडवला."

हे त्याचं दुसरं खोटं. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही हे पहिल्या वर्षाचा शिपाईही जाणतो, पण तपास करणाऱ्याच्या मनाला ती टिकते. मी त्या दिवशी पोटभर जेवलो. ती बाई काही बोलली नाही एवढी खात्री करून घेण्यासाठीच त्यानं ते दोन प्रश्न विचारले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. भीती दिसली आणि सुटकेचा श्वासही दिसला. दोन्हींचा अर्थ मी उलटा लावला.

नवव्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला. ब्रेकचे पाइप शाबूत. सर्व नट घट्ट. तेल टाकीत खुणेपर्यंत भरलेलं. मास्टर सिलिंडरमध्ये हवा राहिल्यानं ब्रेक निकामी. बिघाड मुद्दाम केल्याचं चिन्ह नाही.

मी तो कागद तीनदा वाचला. ज्याला भावाला मारायचंय तो नट ढिला ठेवेल, पाइप कापेल. प्रत्येक नट आवळून वर तेल खुणेपर्यंत कशाला भरेल? मी आमच्या ड्रायव्हरला बोलावलं. पन्नाशीचा, चंद्रपूरचा, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याला अहवाल वाचून दाखवला.

"हे तं अर्धवट राह्यलेलं काम होय साहेब," तो म्हणाला. "कोणी मुद्दाम नाई केलं."

"समजावून सांग."

"सांगून नाई समजणार. चला, जीपवर दाखवतो. तुम्ही सीटवर बसा."

ठाण्याच्या आवारात मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. त्यानं बॉनेट उघडून उभं केलं आणि काचेपलीकडचं सगळं झाकून गेलं. तो मला दिसेना, मी त्याला दिसेना. पलीकडून आवाज आला, "दाबा साहेब. हळू. धरून ठेवा. धरलं का?"

"धरलं."

"मी नट ढिला करून राह्यलो. पाय खाली जाईन, जाऊ द्या. सोडू नका बरं! हां. नट आवळला. आता सोडा."

असं चार वेळा झालं. मग तो बॉनेटच्या बाजूनं डोकावला. "दाबलं की तेलाबरोबर हवा भाहेर येते. नट आवळल्यावरच पाय उचलाचा. नट उघडा असताना पाय उचलला, तं उलटी हवा आत ओढली जाते. मंग सारं पहिल्यापासून."

"आणि तसंच राहिलं तर?"

"पाच-सात वेळा लागोपाठ पेडल मारलं तं कडक लागते. माणसाले वाटते, झालं. मंग उतारावर एक डाव दाबाची वेळ येते अन् पाय थेट बुडाले जाते."

"एकट्याला करता येतं हे?"

तो हसला. "गॅरेजात औजारं असतेत त्यायचं येगळं. घरी आंगणात? एक माणूस बॉनेटमंदी, एक सीटवर. अन् दोघायचं तोंड चालू पाह्यजे. दाब, धरलं, सोड, सुटलं. मुक्याचं काम नोहे हे."

मी सीटवर तसाच बसून राहिलो. पाय पेडलवर होता. नऊ दिवस मी बॉनेटकडे उभ्या असलेल्या माणसाच्या मागे लागलो होतो. सीटवर कोण बसलं होतं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. धाकटा तेव्हा बर्फ आणायला गेला होता, हे माझ्याच कागदात लिहिलेलं होतं. म्हातारीला दिसत नाही म्हणून जमादारानं तिला साक्षीदारांतून गाळलं होतं. मग घरात पेडल दाबणारं राहतं कोण?

कोठडीसमोर जाऊन मी थोरल्याला विचारलं. त्यानं गजांतून हात जोडले. "ते सोडा साहेब. मीच केलं म्हणतो नं. अजून काय पाह्यजे तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई घेऊन त्या घरी गेलो. धाकट्याचं दहावं होतं. पुरुष सगळे तलावावर गेले होते, तिचे वडीलही. घरात म्हातारी, मुलगी आणि ती. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "त्या सकाळी सीटवर तुम्ही होता ना?"

तिनं पदर वर केला. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल.

"हेच सांगाले आल्ती मी ठाण्यात," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाले, बाईले घरी न्या."

महिला शिपाई खाली बघायला लागली.

मग ती बोलत गेली. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा त्या घरचा जुना रिवाज. बऱ्याच घरांतून तो गेला आहे, या म्हातारीनं मात्र सांभाळला होता. सात वर्षं एका छपराखाली राहून ती थोरल्याशी एक शब्द बोललेली नव्हती. पाणी द्यायचं तर तांब्या ओट्यावर ठेवून बांगडी वाजवायची. त्याला काही सांगायचं तर तो आईला सांगणार, आई हिला.

"त्या रोजी घरात दुसरं कोणी नव्हतं. भाऊजी सासूबाईले म्हणाले, तिले सांग, सीटवर बस. सासूबाई ओट्यावरून सांगत गेल्या, दाब म्हणते, सोड म्हणते. दाबलं की मी स्टेअरिंगवर बांगडी वाजवत होती. बराबर चाललं होतं. मंग चुलीवरचं अंधन उतू गेलं, सासूबाई चाचपत आत गेल्या. भाऊजी तिकडूनच म्हणाले, धरलं का? मी बांगडी वाजवली. अन् मंग पायात गोळा आला. पाय सुटला, पेडल वर आलं. 'सुटलं' म्हणाचं होतं, साहेब. येवढंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण तोंड उघडेच ना. मी पुन्हा दाबलं अन् पुन्हा बांगडी वाजवली. मले वाटलं, काय होते?"

आतल्या अंधारातून म्हातारीचा रडण्याचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. थोरल्यानं जाता जाता तिला शपथ घातली होती, हिचं नाव काढू नको म्हणून, आणि तिनं एक मुलगा जाळून दुसरा कोठडीत असताना ती शपथ पाळली होती.

अकराव्या दिवशी ती ठाण्यात आली, या वेळी वडिलांशिवाय. मी थोरल्याला कोठडीतून बाहेर आणलं. ती उभी राहिली, पदर डोक्यावर होता पण चेहरा उघडा, आणि सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, माहा पाय सुटला होता."

त्यानं लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं. सवय. मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "मले माईत होतं. तेल आत गेलेलं दिसलं होतं मले. म्हटलं, पुढच्या दाबात निंघून गेली असन हवा. पुन्हा कराचं म्हटलं तं तुले इचारा लागलं असतं, पाय सुटला का म्हणून. कसं इचारू? तो बर्फ घेऊन आला, घाई करे. पेडल कडक लागलं. जाऊ देल्लं. तुही चूक नोहे ते."

"मंग तुम्ही काऊन सांगतलं मीच केलं म्हणून?"

"तुले पोरगी आहे," तो म्हणाला. "गाव काय म्हणन, ते तुले माईत नाई का?"

महिला शिपाई धरून आम्ही पाचजण होतो त्या खोलीत. रायटरनं पेन खाली ठेवलं. मी वरिष्ठांना फोन लावला, अहवाल आणि दोघांचे नवे जबाब कोर्टात सादर केले, आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला. प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. कायद्याच्या नजरेनं तपास चोख पूर्ण झाला. दहावं मात्र त्याच्याशिवाय होऊन गेलं होतं.

गाव जे म्हणेल म्हणून त्याला भीती होती, ते गावानं म्हटलंच. जबाबातली गोष्ट माझ्याच ठाण्यातून बाहेर गेली. कोणाच्या तोंडून गेली ते मी शोधलं आणि सापडल्यावर रागावलोही, पण सांडलेलं तेल काही बाटलीत परत जात नाही. पायानं नवऱ्याले मारलं, असं विहिरीवर बायका म्हणायला लागल्या. ती मुलीला घेऊन चंद्रपूरला गेली आणि एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. मी त्याला सोडवलं, पण ते तिचं नाव खर्ची घालून. पहिल्याच दिवशी तिला एकटीला विचारलं असतं, शांतपणे, महिला शिपायासमोर, तर खबऱ्याला गावात ओरड करायला काही उरलंच नसतं आणि एवढा तमाशाही झाला नसता. उरलेल्या नोकरीत मी एक नियम केला. बाईचा जबाब बाईनंच द्यायचा. बाप, भाऊ, सासरा सगळ्यांना बाहेर झाडाखाली बसवायचं, आणि ती गप्प असली तरी तिला खुर्चीवरून उठवायचं नाही. किती जणींनी त्यामुळे काय काय सांगितलं, ते इथं लिहिता येणार नाही. शिकलो खरं, पण माझ्या शिकण्याचा खर्च त्या घरानं केला.

तेरवीला मी साध्या कपड्यांत गेलो होतो. जावं की नाही हे ठरवताना दोनदा वाटेत जीप थांबवली. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. थोरला मला बघून पुढे आला, डोक्याचे केस काढलेले, बसायला चटई टाकली. मी म्हणालो, "त्या दिवशी तुला नेता आलं असतं. मी नेलं नाही. माझी चूक झाली." वर्दीतल्या माणसाला हे म्हणायला फार वेळ लागतो. मला बारा दिवस लागले.

तो माझ्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एक इचारतो. गावातल्या कोणाले इचारलं तं रडते, नाई तं बात बदलवते. तुम्ही होते नं तिथी? सारं होतपर्यंत होते?"

"होतो."

"त्याचं डोसकं फुटलं होतं. बांधलं होतं का कोणी धड? तोंड दिसत होतं का? आग देल्ली तेव्हा कपडा बाजूले केला होता का नाई? मले तेवढंच सांगा."

त्याला मी एवढं तरी देणं लागत होतो. मी आठवायचा प्रयत्न केला. मला गर्दी आठवली. डाव्या बाजूला उभे असलेले सहा-सात तरुण आठवले, कोणाच्या हातात दगड आहे का हे मी बघत होतो ते आठवलं, पाळीवरचा रस्ता, खबऱ्याचा पांढरा सदरा, सगळं आठवलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी बंदोबस्ताला होतो. माझी पाठ सरणाकडे होती."